आवाज कसा येते, सर?

दिवाळी अंक जवळ आला की ह्या सदराच्या वाचकांची पत्रे थोडी गंभीर होतात. वर्षभर तुमच्या घरगुती गप्पा आम्ही गोड मानून घेतल्या, आता दिवाळीला तरी काही भारदस्त द्या, असा त्यांचा सूर असतो. मराठीच्या प्राध्यापकाने मराठीच्या भवितव्यावर लिहावे. निदान वर्षभरातल्या कादंबऱ्यांचा परामर्श तरी घ्यावा. मागणी रास्त आहे. पण यंदा माझ्या डोक्यात शटराखेरीज दुसरे काही नाही. मोटार ठेवायच्या खोलीला असते ते, लोखंडी पट्ट्यांचे, गुंडाळत वर जाणारे शटर. आणि मराठीविषयी ह्या वर्षात मला जे काही नवे कळले ते ह्या शटराच्या नादानेच कळले, तेव्हा वाचकांनी रागावू नये.

आमच्या यवतमाळात मोटारीसाठी मुद्दाम बांधलेली खोली क्वचितच दिसते. घर बांधताना माणूस रस्त्याच्या बाजूला एक गाळा काढतो. पुढेमागे भाड्याने देऊ, नाहीतर मुलगा दुकान टाकील, असा त्यात हिशेब असतो. पुढे मनासारखा भाडेकरू मिळत नाही, मुलगा पुण्याला जातो, आणि त्या गाळ्यात एक जुनी मोटार, एक स्कूटर, गव्हाची कोठी आणि मोडका कूलर सुखाने नांदू लागतात. दुकान काही होत नाही, दुकानाचे शटर मात्र राहते. आमचे शटर वडिलांनी बसवलेले. नऊ फूट रुंद, आठ फूट उंच. वजन साठ-सत्तर किलोच्या आत नक्की नव्हे. त्या काळी बाजारातली काही जुनी दुकाने अजून फळ्यांनी बंद होत. प्रत्येक फळीवर आकडा असे, आणि दुकानदार रात्री त्या एकामागून एक खाचेत सरकवीत जाई. फळ्यांच्या मानाने शटर म्हणजे केवढी सुधारणा! एका हाताने ओढले की बंद. सुधारणेला आवाज असतो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नसावे.

आमच्याकडे हे शटर रोज पहाटे सव्वापाचला उघडते. आमची सौ. सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे आणि तिची नेमणूक डायलिसिसच्या विभागात आहे. पहिल्या पाळीचे रुग्ण सहाला खाटेवर आलेले असतात. कोणी बाहेरगावाहून रात्रीच निघालेला असतो. त्यामुळे पाऊस असो, थंडी असो, सव्वापाचला स्कूटर बाहेर निघालीच पाहिजे. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्र ही दहा वाजता सुरू होऊन सकाळी सहाला संपते, आणि राहत्या वस्तीत त्या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे आमचे शटर कायद्याने रात्री उघडते. पण शेजारधर्म काही डेसिबलवर चालत नाही. चालता तर बरे झाले असते. शेजाऱ्याने तक्रार केली असती आणि मला आधीच कळले असते.

शेजारी एक काका आणि मावशी राहतात. दोन्ही घरांची मधली भिंत सामाईक. काकांची गेल्या उन्हाळ्यात नागपूरला हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून मावशींचे येणे कमी झाले ते काकांच्या दुखण्यामुळे, असे आम्ही समजत होतो. पण श्रावणातल्या शुक्रवारी हळदीकुंकवाला त्या आल्या नाहीत तेव्हा सौ.ला ते लागले. दोन घरांतला वीस वर्षांचा राबता. वाटीभर साखर नेण्या-आणण्यापासून रात्रीबेरात्री दवाखान्यात धावण्यापर्यंत. त्यात काही बिनसले असेल तर काय, हे आम्हां दोघांना सुचेना. ते आम्हांला दूधवाल्याने सांगितले. माप ओतता ओतता तो म्हणाला, “काकांले झोप नाही येत म्हने रातभर. पाहाटे डोळा लागते, तं तुमचं शटर वाजते.”

मी त्याच दिवशी शटराच्या मिस्त्रीला फोन लावला. शटर फार आवाज करते, म्हणून सांगितले. त्याने विचारले, “आवाज कसा येते, सर?”

“फार मोठा येतो.”

“मोठा किती ते नाही पुसत मी. कसा येते ते सांगा. करकर येते का कुरकुर येते, का नुसतंच खडखडते?”

वाचकहो, मी गेली वीस वर्षे वर्गात अभ्यस्त शब्द शिकवतो. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि तिसरे अनुकरणवाचक. खडखड, गडगड, कडकड अशी उदाहरणे फळ्यावर लिहितो, मुले ती वहीत उतरवतात, परीक्षेत दोन गुण मिळवतात आणि विसरतात. ते शब्द भाषेचे दागिने आहेत, असेच आम्ही सगळे शिकवत आलो आहोत. आणि इथे हा माणूस त्याच शब्दांनी यंत्राची नाडी पाहत होता! मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती केली, त्यात ह्या नादांच्या शब्दांची रेलचेल आहे. करकर, कुरकुर, किरकिर, खडखड, खुडखुड. एक स्वर बदलला की आवाज बदलतो. मी घरी येऊन तो कोश चाळला तेव्हा तो मला प्रथमच एखाद्या कारखान्याच्या हत्यारपेटीसारखा दिसला. ज्या गावाने १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलने भरवली, त्या गावात हा धडा मला वेल्डिंगच्या दुकानातून मिळावा, ह्यात गावाची शोभाच आहे असे मी मानतो.

मिस्त्रीचे निदान असे. शटर नुसते खडखडत असेल तर दोष पट्ट्यांत असतो. शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या लोखंडी पट्ट्यांचा पडदा. एका पट्टीची कड दुसरीच्या कडेत गुंतलेली असते, म्हणूनच तो गुंडाळता येतो; पण त्याच कारणाने पट्टी डावी-उजवीकडे सरकूही शकते. सरकू नये म्हणून टोकांना क्लिपा ठोकलेल्या असतात. त्या गळून पडल्या की पट्ट्या बाहेर डोके काढू लागतात, आणि वारा आला तरी सगळे शटर दात वाजवते.

करकर असेल तर ती बाजूच्या खाचेची. हिला मिस्त्रीलोक चॅनेल म्हणतात. लोखंडावर लोखंड घासते, मध्ये काहीतरी खरखरीत अडकलेले असते. आणि कुरकुर असेल तर ती वरची, पाइपाची. इथे एक गंमत मला कळली. वर जो आडवा पाइप असतो तोच फिरतो आणि त्याच्यावर शटर गुंडाळले जाते, असे आपल्याला वाटते. आमच्याकडच्या हाताने ओढायच्या शटरात तसे नसते. पाइप दोन्हीकडच्या ब्रॅकेटांत घट्ट धरलेला असतो. त्याच्यावर चाकांसारख्या गोल पेट्या बसवलेल्या असतात, पेट्यांच्या पोटात स्प्रिंगा असतात, आणि पेट्या फिरतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नियमांत म्हटले आहे की ८ चौरस मीटरपर्यंतच्या अशा शटराला बेअरिंग नसले तरी चालते, १२ चौरस मीटरपर्यंत मात्र बेअरिंग हवे. आमचे शटर पावणेसात चौरस मीटरही भरत नाही, म्हणजे बिनबेअरिंगचे. तिथले वंगण सुकले की ते कुरकुरणारच. मराठीत माणूसही कुरकुरतो, आणि त्यालाही वंगण घातले की तो गप्प बसतो म्हणतात; पण तो विषय कचेऱ्यांचा आहे, आपण शटरापुरते बोलू.

आमच्या शटरात हे तिन्ही आवाज होते. पोळ्यानंतरच्या रविवारी मिस्त्री आला. मला वाटले, आता शिडी लावील, वरचे झाकण काढील. तसे काहीच नाही. त्याने शटर तीनदा वरखाली केले, भिंतीला तळहात लावून चौथ्यांदा करवले, आणि मला म्हणाला, “बाजूच्या घरात जाऊन आयका पह्यले. मंग मी हात लावतो.”

मला हे जड गेले. दोन महिने ज्यांनी आपल्याकडे पाऊल टाकले नाही त्यांच्या घरी जाऊन, ‘आमचे शटर तुम्हांला कसे ऐकू येते ते ऐकायला आलो’ असे सांगायचे! पण मिस्त्री हटून बसला होता. शेवटी गेलो. मावशींनी दार उघडले, ‘या’ म्हणाल्या, आणि कारण ऐकून जराशा गोंधळल्या. काकांची खाट सामाईक भिंतीला लागूनच होती. मी खाटेच्या कडेवर बसलो. तिकडून मिस्त्रीच्या पोऱ्याने शटर ओढले.

मला वाटले होते की आमच्याकडचाच आवाज इथे जरा कमी होऊन येत असेल. पण इथे करकर नव्हती, कुरकुर नव्हती, खडखड तर मुळीच नव्हती. भिंतीच्या पोटातून एक जड, बसका आवाज आला, घरंगळत वरून खाली गेला आणि शेवटी उशाशी धम्म झाला. काका म्हणाले, “रोज पहाटे असं वाटतं, कोणीतरी डोक्याशी जातं ओढतंय.”

मी म्हटले, “काका, नुसता निरोप पाठवायचा होता.”

उत्तर मावशींनी दिले. “काय सांगणार, भाऊ? ती बाई बिचारी आजाऱ्यांसाठीच जाते ना त्या वेळेला. तिला कसं म्हणावं की तू जाऊ नकोस म्हणून? तुमच्याकडे आले असते तर तोंडून निघून गेलं असतं. म्हणून आलेच नाही.”

ह्यावर काही बोलण्यासारखे नव्हते. मी चहा घेतला आणि परत आलो. मिस्त्रीला ‘जाते’ एवढा एकच शब्द सांगितला. तो लगेच म्हणाला, “बरोबर. बोल्ट ढिले हायत.”

ह्यातले शास्त्र तसे सोपे आहे. करकर आणि किंचाळणे हे बारीक, उंच आवाज हवेतून येतात. मध्ये विटांची भिंत आली की त्यांचा जीव जातो. पण पाइप ज्या ब्रॅकेटावर टेकलेला, तो ब्रॅकेट त्याच भिंतीत बोल्टांनी ठोकलेला. शटराची थरथर ब्रॅकेटातून बोल्टात आणि बोल्टातून सरळ विटांत उतरते, आणि भिंतच वाजू लागते. तंबोऱ्याची तार नुसती खुंट्यांना ताणली तर तिचा आवाज हातभर जाईना. भोपळ्यावर घोडी बसवली की तीच तार मैफल भरून टाकते. आमचे शटर ही तार होती, आणि भोपळा होता काकांच्या उशाशी. आमच्या बाजूला बसून मी जन्मभर चॅनेल साफ केले असते तरी त्यांचे जाते थांबले नसते.

आता दुरुस्ती. वरचे काम मिस्त्रीने केले. त्याने आधी स्प्रिंगांचा पीळ उतरवला, पाइपाला दोन्हीकडून बल्ल्यांचे टेकू दिले आणि मग सामाईक भिंतीवरचा ब्रॅकेट सोडला. चारपैकी दोन बोल्टांची भोके मोठी होऊन विटांचा भुगा झाला होता. जागा थोडी बदलून नवे लांब बोल्ट ठोकले, आणि ब्रॅकेट व भिंत ह्यांच्यामध्ये जाड रबराची पट्टी बसवली. प्रत्येक बोल्टाच्या डोक्याखालीही रबराचा वायसर. हे दुसरे रबर महत्त्वाचे. नाहीतर पट्टी बसवूनही थरथर बोल्टावाटे पलीकडे जातेच. पेट्यांच्या आत, पाइपावर, घट्ट ग्रीस भरले. ग्रीसची जागा ती एवढीच, असे त्याने मला दोनदा बजावले.

स्प्रिंगांविषयी मात्र वाचकांना हात जोडून सांगतो: त्याला घरी हात लावू नका. शटर खाली ओढताना आपण ह्या स्प्रिंगा पिळत असतो. वर ढकलताना त्या आपल्याला मदत करतात, म्हणून साठ-सत्तर किलोचे ओझे बाई माणूसही एका हाताने उचलते. म्हणजे बंद शटराच्या डोक्यावर तेवढ्या ओझ्याला पुरून उरणारी ताकद दबा धरून बसलेली असते. ती चुकीच्या वेळी सुटली तर बोटे जातात, कपाळ फुटते. घरी करायची परीक्षा एकच. शटर कमरेइतके उचलावे आणि हात काढावा. तिथेच थांबले तर पीळ बरोबर. धाडकन खाली आले तर सैल, आपोआप वर पळाले तर जास्त. आमचे खाली येत होते, म्हणून तो शेवटचा धम्म. मिस्त्रीने पीळ वाढवला, आणि खालच्या जाड पट्टीला रबराची पन्हळी बसवून दिली.

चॅनेल साफ करायला मिस्त्री कशाला? ते मी आणि मुलगा, दोघांनी केले. तो सुटीत आला होता. खाचेत जे निघाले ते पाहण्यासारखे होते. सगळ्यांत वर रंगाचा थर. दर दिवाळीला रंगारी येतो आणि चकचकीत दिसावे म्हणून खाचेतही ब्रश फिरवतो. दहा दिवाळ्यांचा रंग म्हणजे खाच चांगली अर्धी सूत अरुंद होते. त्याखाली कोणी ना कोणी वेळोवेळी चोपडलेले ग्रीस. आणि ग्रीसात आमच्या जिल्ह्याचे सगळे ऐश्वर्य: काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू. आमचे घर जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की चैतापर्यंत पांढरे तंतू हवेत तरंगत असतात, आणि जिथे चिकटपणा दिसेल तिथे बसतात. तेल, माती आणि कापूस ह्यांचा तीन बोटे लांब नमदा मी सुरीने उपसून काढला. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालीत ते ठीक होते, तिथे आस चाकाच्या आत झाकलेला असे. उघड्या खाचेत ओले वंगण म्हणजे धुळीला आमंत्रण, आणि तेलात भिजलेली धूळ म्हणजे पॉलिश-पेपर.

रंग खरवडला. रॉकेल आता सहजासहजी मिळत नाही, म्हणून डिझेलचा बोळा फिरवला, दातांच्या जुन्या ब्रशाने कोपरे घासले, कोरड्या फडक्याने दोनदा पुसले. खाचेची कड एके ठिकाणी स्कूटर लागून आत वळली होती, ती लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने सरळ केली. आणि मग मेणबत्ती. साधी, पांढरी, वीज गेल्यावर लावतो ती. खाचेच्या दोन्ही आतल्या बाजूंना वरपासून खालपर्यंत घासायची. मेण कोरडे असते, धूळ धरत नाही, आणि लोखंड त्यावरून सरकते. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी खणाला आमची आजी हेच करायची. दर तीन-चार महिन्यांनी एक मेणबत्ती, एवढाच खर्च.

उन्हाचे मात्र काही करता येत नाही. लोखंड तापले की वाढते. आमची नऊ फुटांची पट्टी पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या भर दुपारपर्यंत, ऊन थेट अंगावर घेत असेल तर, दीडएक मिलिमीटर लांब होते. खाच मोकळी असेल तर ती एवढी वाढ सहज पोटात घालते. रंगाने बुजलेली असेल तर मे महिन्यात शटर अडू लागते आणि आपण उगाच तेल ओतत बसतो. म्हणून यंदा रंगाऱ्याला सांगून ठेवले आहे की खाचेत ब्रश घालायचा नाही. त्याने ‘बरं’ म्हटले आहे. रंगाऱ्याचे ‘बरं’ किती धरायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मी खाचेवर कागद चिकटवणार आहे.

सोमवारी पहाटे सव्वापाचला मी मुद्दाम उठलो. सौ.ने शटर उचलले. एक हलकी सळसळ झाली, ज्वारीच्या उभ्या पिकातून वारा जावा तशी, आणि स्कूटर बाहेर पडली. पलीकडे काय ऐकू आले ते मला कळायला मार्ग नव्हता. गुरुवारी सकाळी मावशी आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. चेहरा काळजीचा. म्हणाल्या, “बरी आहे ना हो ती? तीन दिवस झाले, शटर वाजलं नाही. म्हटलं सुटीवर आहे की काय, की अंगात कणकण आहे?”

मी म्हटले, “मावशी, ती रोज जातेय.”

त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग “अगबाई, म्हणून हे सातपर्यंत झोपतात होय!” असे म्हणून ते सांगायला लगबगीने घरात गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात महालक्ष्म्यांच्या जेवणाला दोघेही आले. काकांना तेलकट वर्ज्य, पण आंबील त्यांनी दोन वाट्या मागून घेतली.

मिस्त्रीने मजुरी आणि सामान धरून अठराशे रुपये घेतले. जाताना शटर पुन्हा एकदा वरखाली करून त्याने कान दिला आणि जरा नाराजीने मान हलवली. कुलपाच्या कडीचा एक ‘टक’ राहिला आहे. कडी बाजूच्या पट्टीवर आपटते, तेवढाच. तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवायचा आहे. मुलाची जुनी सायकल माळ्यावर आहे. दिवाळीची आवराआवर निघाली की ती खाली काढीन.